कार्डावरचा बोजारा

नत्थूजी सुतारांना एखादी गोष्ट करायची नसली, की ती करणार असल्याचं ते गल्लीभर जाहीर करत. तंबाखू सोडणार, हे त्यांनी इतक्यांदा आणि इतक्या मोठ्याने सांगितलं होतं, की पानठेलेवाला ते ऐकता ऐकताच त्यांची पुडी बांधायला घ्यायचा. त्यामुळे नवरा ओरडला की इंदुताई निर्धास्त असत. त्यांना भीती वाटायची ती नवरा हळू बोलला की.

आणि यंदा, पोळ्याला महिना-दीड महिना असताना, नंदीच्या शिंगाला बेगड चिकटवता चिकटवता नत्थूजी अगदी हळू म्हणाले, "हा पोळा झाला का दुकान बंद करतो. दुर्गेश म्हणते, हिंगण्याले या."

इंदुताईंच्या हातातला ब्रश तसाच राहिला. त्या नंदीचा एक डोळा काढून झाला होता, दुसरा बाकी होता.

दुर्गेश हा नत्थूजींचा पुतण्या. हिंगण्याच्या एमआयडीसीत त्याचं लाकडी खोक्यांचं वर्कशॉप होतं. कारखान्यांच्या मशिनी ज्या खोक्यांत घालून ट्रकवर चढवतात, ते खोके. पोरगा वाईट नव्हता. काकांच्या काळजीनेच बोलत होता. सावलीतलं काम, महिन्याच्या महिन्याला पगार, कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी येते. सगळं खरं होतं आणि खरं होतं म्हणूनच त्याला उत्तर सापडत नव्हतं.

नागपूरच्या महाल भागातल्या त्या गल्लीत नत्थूजींचं घराणं तीन पिढ्या तान्ह्या पोळ्याचे नंदी घडवत होतं. पोळा खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. पोरं लाकडी नंदी सजवतात, दोरीने ओढत दारोदार नेतात, आणि दारातला माणूस पोराच्या हातावर बोजारा ठेवतो. कुणी पैसे देतं, कुणी खाऊ. दारात आलेला नंदी रिकाम्या हाताने परत गेला, असं नागपुरात होत नाही. निदान होऊ नये, असं सगळ्यांना वाटतं.

पण नंदी ओढणारी पोरंच गल्लीतून कमी झाली होती. कुणाचे आईबाप पुण्याला गेले, कुणाचे बंगळुरूला, कुणाचे पार समुद्रापलीकडे. जी उरली त्यांना बाजारात फायबरचे चकचकीत नंदी मिळत. मागच्या साली उरलेले नंदी नत्थूजींच्या दुकानात वरच्या फळीवर रांगेने उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत होते. डोळे इंदुताईंनीच काढलेले, त्यामुळे ते बघणं त्यांना जास्त लागायचं.

पैशाची चणचण त्यांना नवी नव्हती. त्यांना भीती होती ती वेगळीच. एकदा नत्थूजींनी दोन महिने एका बिल्डरकडे दाराच्या चौकटी केल्या होत्या. त्या दोन महिन्यांत हा माणूस कुणाशी भांडला नाही, कुणाची थट्टा केली नाही, भाजीत मीठ कमी आहे म्हणूनसुद्धा बोलला नाही. घरात पाहुणा आल्यासारखा वागला. असला शहाणा नवरा इंदुताईंना जन्मभर परवडणार नव्हता.

अशात मिनलचा फोन आला. मिनल म्हणजे याच गल्लीतली पोर, शाळेत जाता-येता नत्थूजींच्या भुशात खेळलेली. आता कॅनडात राहत होती.

"काकू, माह्या बंटीले यंदा नंदी पाहिजे. काकाजीच्याच हातचा. इकडं आम्ही आठ-दहा घरं जमून तान्हा पोळा करून राहिलो."

"पाठवते ना वं! त्याले काय विचारतं?"

"पण पैसे? तिकडलं माह्यं खातं कधीचंच बंद झालं. तुम्ही कार्डानं घेता का?"

इंदुताईंनी शेजारच्या मोबाइलच्या दुकानाकडे नजर टाकली. तिथे कार्डाचं मशीन होतं. पण त्यात कार्ड खुपसायला मिनलला कॅनडातून हात बराच लांब करावा लागला असता. "पाहते काही तरी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि सरळ बचत गटाची बैठक गाठली.

गटातली करिष्मा घरी वड्या-पापड करायची आणि सुरतपर्यंत विकायची. तिने ऐकून घेतलं आणि मांडी बदलली. "मशीन-गिशीन काही नाही लागत, ताई. फोनवर लिंक बनवायची अन् पाठवून द्यायची. तिनं ती दाबली का पान उघडते. ती तिकडं आपल्या कार्डाचा नंबर टाकते, अन् पैसे तीन-चार दिवसांत तुमच्या खात्यात. कंपनी थोडेसे कापून घेते, बस."

"तिचा नंबर मले दिसते का?"

"नाही. अन् दिसलाही नाही पाहिजे. कोणी स्वतःहून पाठवला, तरी घेऊ नोका."

हे बरं झालं तिने सांगितलं, कारण दुसऱ्याच दिवशी मिनलने घाईघाईत कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, तुम्हीच टाका काकू. इंदुताईंनी तो फोटो आधी पुसला, मग मिनललाही पुसायला लावला आणि मग तिला झाडलं. "घराची किल्ली अशी कोणाच्या हातात देते का वं? मी तुह्यी काकू आहो, पण फोन तं चोराच्याही हातात जाते!"

कागदपत्रं झाली. पॅन कार्ड, पासबुक, दुकानाचा फोटो. फोटोसाठी नत्थूजी दुकानाच्या दारात असे ताठ उभे राहिले, की जणू त्यांनाच कुणीतरी रंधा मारला होता. परदेशातली कार्डं चालावीत म्हणून वेगळी परवानगी मागावी लागली. तिला आठवड्याहून जास्त गेला. तेवढ्या दिवसांत नत्थूजींनी शंका काढायचं काम मनापासून केलं.

"मशीन नाही, नोट नाही, माणूस नाही. मंग पैसे येतीन कुठून?"

"मिनलचं बोलणं कुठून येते?"

"वाऱ्यानं येते."

"मंग तेही वाऱ्यानंच येतीन."

"वाऱ्यावरचा धंदा हाय म्हणजे," नत्थूजी म्हणाले आणि पटाशी धार लावायला घेऊन गेले.

लिंक बनवायला बसल्यावर खरी पंचाईत आली. पानावर एक चौकोन होता: रक्कम. आणि या घराची रीत अशी, की नंदीची किंमत लिहायची नाही. नत्थूजींचे वडील लहानूजी सांगून गेले होते, नंदी म्हणजे महादेवाच्या दारातला. त्याच्या अंगावर आकडा चढवायचा नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, तर नत्थूजी म्हणत, "तुमीच पाहून द्या." गिऱ्हाइकाने खरंच स्वतः पाहून काहीबाही सांगितलं, की ते छताकडे बघत. मग इंदुताई पुढे होऊन हळूच, तोंडी, खरा आकडा सांगत. अशाने आजवर कुणाचं अडलं नव्हतं.

"आकडा टाकू नोको," नत्थूजी म्हणाले.

"मंग ती देईन किती?"

"फोनवर सांग ना. नेहमी सांगते तसं."

इंदुताईंनी शोधलं, तर चौकोनाखाली एक सोय सापडली: रक्कम ग्राहक स्वतः भरेल. त्यांना ती फार आवडली. इतक्या मोठ्या कंपनीलाही लहानूजींची रीत ठाऊक असल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी त्यावर खूण केली, झूल घातलेल्या, घुंगरू बांधलेल्या नंदीचा फोटो जोडला आणि खाली लिहिलं: तान्हा पोळा. नत्थूजींचा नंदी. आकडा मिनलच्या कानात सांगितला आणि लिंक पाठवून दिली.

थोड्या वेळाने फोन टिंग वाजला.

"आले!" इंदुताई एवढ्याने ओरडल्या की समोरून जाणारा भाजीवाला थांबला. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावलं. त्यालाही त्यांनी सांगितलं, कॅनडातून पैसे आले, मशीन नाही, काही नाही! भाजीवाल्याने मान डोलावली आणि कोथिंबिरीची जुडी तशीच दिली. नत्थूजी मात्र वर बघेनात. रंधा मारत म्हणाले, "आले का? बरं झालं." पण ते एकाच जागी इतका वेळ रंधा मारत होते, की नंदीचं वशिंड एका बाजूने बसलं आणि पुन्हा दुसरा घ्यावा लागला.

बंटीचा नंदी शिवण झाडाच्या हलक्या लाकडाचा, गुडघ्याएवढा, खाली चाकांची फळी. आता या दुकानाची दुसरी रीत: सांगून करवून घेतलेल्या नंदीचे डोळे त्याच्या मालकासमोरच काढायचे. पोराने यायचं, पाठीवर हात ठेवायचा, मग ब्रश टेकवायचा. कॅनडातल्या पोराने हात कुठे ठेवायचा? शेवटी मिनलने व्हिडिओ कॉल लावला, बंटीने आपला तळवा पडद्यावर दाबला, इकडे इंदुताईंनी फोन नंदीच्या पाठीला टेकवला, मग तो नंदीच्या तोंडासमोर धरायला नत्थूजींना दिला आणि डोळे काढले. "त्याने माझ्याकडे बघितलं!" बंटी किंचाळला. नत्थूजी हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. इंदुताईंना वाटलं, आता हिंगणा मागे पडणार.

नंदी कुरिअरने रवाना झाला आणि दुसऱ्या सकाळी फोन पुन्हा टिंग वाजला.

एक्कावन्न रुपये. नाव कुणा सोनिकाचं.

इंदुताईंना वाटलं, चुकून आले असतील. मग टिंग. एकशे एक. मग एकवीस. त्या पोळीला तेल लावत होत्या तेवढ्यात दोनशे एक्कावन्न आले, ते कुणा ताराचंदचे. दुपारपर्यंत फोनने असा काही ताल धरला, की नत्थूजींनी तो उचलून भुशाच्या पोत्यावर ठेवला, आवाज कमी यावा म्हणून.

"मी म्हटलं होतं तुले. वाऱ्यावरचा धंदा. आता पोलीस येतीन."

"काहून येतीन? आपण कोणाचे घेतले का? लोकच देऊन राहिले."

"पण काहून देऊन राहिले?"

इंदुताईंनी मिनलला फोन लावला. मिनलला आधी हसू आवरेना.

"काकू, मी आमच्या ग्रुपवर टाकली लिंक. जगभरातले नागपूरवाले हायेत त्याच्यात. म्हटलं, कोणाले नंदी पाहिजे असन तं तुमच्याकडून घेतीन. पण तिथं आकडाच नाही! नंदी दारात आला, किंमत लिहिली नाही, जागा मोकळी. नागपूरचा माणूस काय करन, सांगा बरं?"

इंदुताई म्हणाल्या, "बोजारा देल्ला?"

"बोजारा देल्ला, काकू! एक जण तं म्हणे, पंधरा वर्षं झाली, माह्या दारात नंदी आला नव्हता."

इंदुताई हसत हसत खालीच बसल्या. कुठे कुठे बसलेली माणसं, आणि नंदीचा फोटो पाहून त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला! त्यांना हे इतकं गोड वाटलं, की सांगताना त्यांचा आवाज चिरकला. त्यांना वाटलं नवराही हसेल.

नत्थूजी हसले नाहीत. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"बोजारा पोट्ट्यांचा असते, इंदू," ते म्हणाले. हळू म्हणाले. "मी कारागीर आहो. मी नंदी देतो अन् त्याचे पैसे घेतो. मांगून खाल्लं नाही कधी. बाबानं नाही खाल्लं. सगळ्यांचे परत कर."

"अवो, पण लोकांनी प्रेमानं..."

"एवढंच बाकी राह्यलं होतं. लोकांच्या दयेवर दुकान. यापेक्षा खोके ठोकलेले बरे. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी दुर्गेशले ये म्हणून सांगतो. पक्कं करून टाकतो."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं इंदुताईंना झालं. ज्या लिंकने नवऱ्याला दुकानात धरून ठेवायचं, तिनेच त्याला हिंगण्याच्या बसमध्ये बसवलं होतं. त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत. सकाळी उठून, नाक ओढत, त्यांनी पैसे परत करायचं बटण शोधलं. पहिलं नाव ताराचंदचं निघालं. दाबलं.

तासाभरात दुबईहून फोन आला. आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरावा.

"इंदुताई बोलून राहिल्या का? मी ताराचंद, खाप्याचा. माह्या घरी काय सुतक हाय का?"

"अगं बाई! काहून? काय झालं?"

"मंग माहा बोजारा परत काहून केला? आमच्या गावात सुतक असन तेव्हाच नंदी दारातून वळवतात. माह्यी बायको तेव्हाची रडून राहिली ना! म्हणते, पहा, नंदी बोजारा न घेता गेला."

इंदुताईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. ज्याने दुखणं आणलं त्यानेच औषध घ्यावं.

नत्थूजींनी घसा साफ केला. "हे पाहा भाऊ, तुमी दया केली, ते ठीक हाय, पण..."

"दया? मी?" ताराचंद खवळला. "दया मले येतच नाही, माह्या बायकोले विचारा! अन् तुमचा काय संबंध? बोजारा मी नंदीले देल्ला, तुमाले नाही. तुमी कोण होय परत करणारे?"

हे गणित नत्थूजींच्या डोक्यात आलं नव्हतं. पण सुतार माणूस. सांधा कुठे ढिला आहे ते त्याला बरोबर दिसतं. "बरं," ते म्हणाले, "नंदीले देल्ला. पण भाऊ, नंदी तुमच्या दारात आला कुठी? फोटो आला फक्त."

"हे मात्र बरोबर हाय," ताराचंद म्हणाला. "मंग घेऊन या."

"काय?"

"नंदी घेऊन या माह्या दारात. बोजारा घेतला तं दारात या लागते. व्हिडिओवर या. मी दार उघडून उभा राहतो." आणि त्याने फोन ठेवला. जरा वेळात दोनशे एक्कावन्न पुन्हा टिंग करून आले.

नत्थूजी दुकानाबाहेर आले आणि कमरेवर हात ठेवून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "मी नाही जात कोणाच्या दारात! या वयात नंदी घेऊन फिरू का मी? लोक काय म्हणतीन! नाही म्हणजे नाही!"

इंदुताईंनी आत जाऊन देवाला हात जोडले. इतका मोठा नकार त्यांनी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. मग त्यांनी फोन घेतला आणि बोजारा दिलेल्या प्रत्येकाला निरोप धाडला: तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी नंदी तुमच्या दारात येईल. दार उघडं ठेवा.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी महालात मारबती निघाल्या, गावाची पीडा सोबत नेऊन जाळायचे ते मोठाले पुतळे. रस्ताभर माणूस, ईडा पीडा घेऊन जाण्याची ओरड, ढोल. दुपारनंतर गर्दी पांगली आणि गल्लीत पोरं आपापले नंदी घेऊन निघाली. कुणी मावळा झालेलं, कुणी डॉक्टर. नत्थूजींनी फळीवरचा सगळ्यात मोठा नंदी खाली काढला. पुसला, झूल घातली, गळ्यात घुंगरू बांधले, नवी दोरी लावली. कुणी सांगितलं नव्हतं.

"ओढन कोण?" इंदुताईंनी विचारलं. "पोट्ट्यांजवळ तं आपापले हायेत."

नत्थूजींनी दोरी उचलली, हातात फिरवली. "मीच ओढतो."

मग दोन पावलं चालून थांबले. "तुले सांगितलं नाही कधी. आमच्या घरी मले नंदी कधी भेटलाच नाही. बाबा शेवटला नंदीही विकून टाके. गिऱ्हाइकाले नाही म्हणता येत नव्हतं ना. मी दुसऱ्या पोट्ट्यांच्या मागं मागंच फिरलो."

इतकी वर्षं शेजारी बसून नंदी रंगवले आणि हे माहीत नव्हतं. पण आता रडायची वेळ नव्हती. व्हिडिओ सुरू झाला होता.

पडद्यावर छोटे छोटे चौकोन उघडत गेले आणि प्रत्येकात एक दार. ताराचंद खरंच फ्लॅटचं दार सताड उघडून उभा होता, मागे बायको आरतीचं ताट घेऊन. तिने फोनलाच कुंकू लावलं, त्यामुळे पुढे सगळी वरात ताराचंदला लालसर दिसली. सिंगापूरची सोनिका रात्रीची भांडी टाकून ओल्या हातांनी आली होती. कॅनडात सकाळ होती. बंटी आपला नंदी घेऊन पायजम्यातच उभा होता. नत्थूजी पुढे, घुंगरू वाजवत नंदी मागे, आणि इंदुताई फोन धरून बाजूने, कधी नंदीला दाखवत, कधी चुकून आपल्याच पायांना.

"काकाजी, इकडं! माह्या दारात!"

नत्थूजी फोनसमोर नंदी उभा करत. "आला हो नंदी," असं म्हणत. पहिल्यांदा पुटपुटले, तिसऱ्या दारापर्यंत गळा मोकळा झाला. सोनिकाच्या मुलीने विचारलं, आम्हाला असा मिळेल का? आणखी दोघा-तिघांनी विचारलं. पुढच्या सालासाठी आत्ताच सांगून ठेवतो म्हणाले. नत्थूजी प्रत्येकाला "पाहू" म्हणत होते. इंदुताई प्रत्येक "पाहू" कान देऊन ऐकत होत्या आणि त्यातून काहीच निघत नव्हतं.

एवढ्यात दुर्गेश आला. हिंगण्याहून शिफ्ट संपवून, मोटारसायकल ढकलत. काका नंदी ओढताना पाहून त्याने हेल्मेट काढलं आणि मागे मागे चालू लागला. इंदुताईंनी त्याला पाहिलं आणि फोन दुसरीकडे वळवला.

गल्लीच्या वळणावर अंजनाबाईंचं घर. नव्वदी गाठलेली म्हातारी, डोळ्यांना अंधुक दिसायचं. पण दर तान्ह्या पोळ्याला ओट्यावर बसून, मांडीवर नाण्यांचा डबा घेऊन ती प्रत्येक पोराला बोजारा द्यायची. वाटेत दार लागलं आणि नंदी न थांबता पुढे गेला, असं चालत नाही. नत्थूजी थांबले. घुंगरू थांबले.

"कोण होय?" अंजनाबाईंनी मान वर केली. "कोणाचा हायस गा पोरा?"

नत्थूजींनी तोंड उघडलं. मागची पोरं खुदखुदली. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "लहानू सुताराचा, आजी."

"लहानूचा!" म्हातारीचा चेहरा उजळला. तिने हात पुढे केला, नंदीच्या वशिंडावरून, पाठीवरून, शिंगांवरून हळूहळू फिरवला. "हो, हा हात लहानूचाच हाय." मग तिने चाचपून डब्यातून एक नाणं काढलं, त्यावर गुळाचा खडा ठेवला आणि दोन्ही नत्थूजींच्या तळव्यावर दाबले. "बापाले सांगजो, पुढच्या साली माह्या पणतूसाठी असाच एक करून ठेव म्हणा. सांगजो बरं? इसरू नोको."

"सांगतो," नत्थूजी म्हणाले. तळवा तसाच उघडा होता. मग त्यांनी गूळ तोंडात टाकला आणि म्हातारीच्या पायाशी वाकले. "सांगतो कायले आजी, करूनच ठेवतो."

"काकू, फोन सरळ धरा!" ताराचंद ओरडला. "काहीच दिसून नाही राह्यलं!"

दुर्गेश पुढे आला. त्याने गाडी भिंतीला टेकवली आणि चाचरत विचारलं, "काकाजी, मंग उद्या सकाळी तुमाले हिंगण्याले न्याले येऊ का?"

"ये ना," नत्थूजी म्हणाले आणि नाणं खिशात घातलं. "मोठी गाडी घेऊन ये. लाकूड आणाले जायचं हाय."

इंदुताईंनी फोन दुर्गेशच्या हातात दिला, कारण डोळे पुसायला त्यांना दोन्ही हात हवे होते.